राणीचं जाळीवालं नाणं आणि सुरतेची भट्टी

मी नाणी जमवते हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, तुमच्याकडे सगळ्यात महागाचं कुठलं आहे? आता हे असं चारचौघांत सांगायचं असतं का, आणि खरं म्हणजे सांगण्यासारखं महागाचं माझ्याकडे फार काही नाहीच, गायकवाडांचे बाबाशाही रुपये आहेत, थोड्या अधेल्या (अर्धे रुपये) आहेत, आणि तांब्याचे गायकवाडी पैसे तर डबाभर, जे बडोद्यात जुन्या घरात कुणाकडेही निघतात. त्यापेक्षा "नसलेलं कुठलं हवंय" असं विचारा ना, तासभर बोलेन. आज तेच लिहितेय, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मला हवंय ते नाणं इंग्लंडचं. चांदीचं, पहिल्या एलिझाबेथ राणीचं, १६००-०१ च्या सुमारास लंडनच्या टॉवरमधल्या टाकसाळीत पाडलेलं. कलेक्टर लोक त्याला पोर्टकलिस म्हणतात. किल्ल्याच्या दरवाजात वरून साखळ्यांनी खाली सोडायची लोखंडी जाळी असायची बघा, शत्रू आला की धाडकन खाली, तर ती जाळी. ट्यूडर राजांचं ते एक चिन्ह होतं. नाण्याच्या एका बाजूला मुकुट आणि त्याखाली ही जाळी, दोन्हीकडून साखळ्या लोंबतायत, दुसऱ्या बाजूला राजघराण्याची ढाल. राणीचा चेहरा कुठेच नाही. कडेने लॅटिनमध्ये मजकूर, मी देवाला माझा साह्यकर्ता केलं अशा अर्थाचा, तो त्या काळातल्या इतर इंग्लिश नाण्यांवरही दिसतो त्यामुळे त्यात विशेष काही नाही. साल लिहिलेलं नाही, टाकसाळीची बारीक खूण असते तिच्यावरून ठरवतात. चार साइझमध्ये निघालं, आठ टेस्टर्न, चार, दोन आणि एक. मला अर्थातच आठवालं हवंय आणि अर्थातच ते परवडणार नाहीये, बऱ्यापैकी कंडिशनचा आठ टेस्टर्न ऑक्शनला आला की आपल्या पैशात लाखांत जातो, वर ऑक्शनवाल्यांचं प्रीमियम, कस्टम्स, कुरिअर, नकोच ते.

पण भाव जाऊ दे. मला मजा वाटते ती या नाण्याच्या फजितीची.

झालं असं की ३१ डिसेंबर १६०० ला राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पूर्वेकडे व्यापार करायचा तर तिकडे लोक इंग्लंडचं लोकरी कापड घेणार किती, तिकडे चांदीच लागते हे व्यापाऱ्यांना पक्कं माहीत होतं, आणि चांदी म्हणजे त्या काळात स्पेनचा आठ रिआल, त्यांचं मोठं चांदीचं नाणं. मेक्सिको आणि पेरूकडच्या खाणींची चांदी, १५४५ ला पोतोसीचा डोंगर सापडला आणि मग तर पूरच आला, ती नाणी माकाऊपासून मोखापर्यंत कुठेही चालायची. आणि इंग्लंडचं तर स्पेनशी युद्ध चालू! त्यामुळे राणीला (किंवा तिच्या दरबाऱ्यांना, तेव्हा कोण नक्की बोललं देव जाणे) हे काही रुचेना, आमच्या व्यापाऱ्यांनी शत्रूच्या राजाची नाणी घेऊन जगभर फिरायचं? पूर्वेकडच्या राजांना इंग्लंडची राणीपण कुणीतरी आहे हे कळायला नको? सनदेत कंपनीला दर सफरीला ३०,००० पौंडांपर्यंत चांदी बाहेर न्यायची परवानगी होती पण अट अशी की त्यातली निदान ६,००० पौंडांची आधी राणीच्या टाकसाळीत पाडून घ्यायची. मग टाकसाळीने डोकं लावलं आणि वजन ठेवलं बरोब्बर स्पॅनिश रिआलच्या मापाचं. आठ टेस्टर्न म्हणजे आठ रिआल, चार म्हणजे चार, खाली तसंच. माप त्यांचं, छाप आपला.

जेम्स लँकेस्टर रेड ड्रॅगन, हेक्टर, असेन्शन आणि सुझन अशी जहाजं घेऊन १६०१ ला निघाला, १६०२ मध्ये सुमात्रातल्या आचेला पोचला, तिथून पुढे जावातल्या बांतमला. आणि तिथे बाजारात कुणी या जाळीला ओळखच दाखवेना. तुम्ही विचार करा, मिरी विकणारा माणूस, त्याच्या आज्यापासून त्याने स्पॅनिश नाणं हातात धरलंय, तुकडे केलेत, वितळवलंय, त्यात किती चांदी निघते त्याला पाठ, आणि तुम्ही त्याच्यापुढे एक नवीनच जाळीचं चित्र ठेवता आणि म्हणता हे तेवढंच आहे. असेलही तेवढंच! पण मी कशाला रिस्क घेऊ. कंपनीने धडा घेतला आणि नंतरच्या सफरींना गुपचूप स्पॅनिश रिआल गोळा करून नेले. पोर्टकलिस परत कधी पाडलंच नाही. एकदाच पाडलं, थोडंच पाडलं, आणि जे पूर्वेकडे गेलं त्यातलं बहुतेक कुठल्या ना कुठल्या मुशीत गेलं असणार. म्हणून आज दुर्मिळ. चाललं असतं तर आज त्याला कुणी विचारलं नसतं.

आता यात बडोदा कुठून आलं, तर सुरतेवरून आलं. वर ज्या हेक्टरचं नाव घेतलं तेच जहाज १६०८ ला विल्यम हॉकिन्सला घेऊन सुरतेला लागलं, कंपनीचं हिंदुस्थानला आलेलं पहिलं जहाज. इंग्रज, डच सगळ्यांना गुजरातचं कापड हवं होतं, भरूच-बडोद्याचा बाफ्ता म्हणून सुती कापड होतं त्याला फार मागणी, आणि विणकराला, दलालाला, नीळवाल्याला द्यायला रोकडा रुपया पाहिजे. रुपया म्हणजे मोगल रुपया. बाहेरचं नाणं बाजारात चालायचं नाही, एकतर सुरतेच्या टाकसाळीत न्यायचं, तिथे ते वितळवून, शुद्ध करून, जहांगीर नाहीतर शाहजहानच्या नावाचे रुपये पाडून मिळायचे, पण रांग मोठी, टाकसाळीचा खर्च आणि हक्क कापून घ्यायचे, जहाज तोपर्यंत बंदरात थांबणार थोडंच. म्हणून बरेचदा युरोपियन लोक चांदी सरळ सराफालाच विकून टाकायचे, थोडा कमी भाव घ्यायचे पण पैसे हातात.

हिशोब बघा, मला हा हिशोब फार आवडतो. आठ रिआल साधारण साडेसत्तावीस ग्रॅमचा, त्यात ९३ टक्क्यांच्या आसपास चांदी. मोगल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या जवळपास आणि जवळजवळ शुद्ध. म्हणजे एका रिआलचे सव्वादोन रुपयांच्या आसपास निघतात, घट आणि खर्च जाऊन त्याहून थोडे कमी. सराफाला तेवढंच बघायचं असायचं. त्यावर स्पेनच्या राजाची ढाल आहे की डच सिंह आहे की काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, वजन सांगा, टंच (म्हणजे त्यात शुद्ध चांदी किती) सांगा. डचांचा लिओनदाल्डर म्हणून एक सिंहवाला चांदीचा डॉलर होता, १५७५ पासून पाडायचे, त्यात चांदी फक्त ७५ टक्के, तुर्की मुलखात तो धोधो चालायचा, आपल्याकडचा सराफ मात्र त्याचे ७५ टक्क्यांचेच पैसे देणार, सिंह कितीही रुबाबदार असो.

आणि चांदी नुसती युरोपियन जहाजांतूनच यायची असं नाही हां, हे नेहमी विसरतात लोक. गुजरातचे स्वतःचे व्यापारी मोखा आणि जेद्दाला माल विकून येताना रिआल भरून आणायचे. महाराजांनी १६६४ ला आणि परत १६७० ला सुरत काय उगाच गाठली?

महाराजांवरून आठवलं, आणि हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात भारी वाटतं. १६७४ ला राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता हे आपल्याला शाळेत असतं, चित्र पण असतं. तो नुसता नजराणा द्यायला आला नव्हता, तहाची कलमं घेऊन आला होता, आणि त्यात एक मागणी अशी होती की आमच्या कंपनीची नाणी तुमच्या राज्यात चालावीत. महाराजांचं उत्तर असं की असं कलम घालायची गरजच नाही, ज्या नाण्यात माझ्या रयतेचं नुकसान होईल ते घ्या अशी मी रयतेवर सक्ती करणार नाही, आणि तुमची नाणी मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यांइतकी वजनाला आणि कसाला चोख असतील तर मी त्यांना अडवणारही नाही. झालं! आचे-बांतमच्या बाजारात जे इंग्रजांना व्यापाऱ्यांनी तोंड फिरवून सांगितलं तेच रायगडावर तोंडावर सांगितलं गेलं.

तरी इंग्रजांची हौस फिटली नव्हती. मुंबईला कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरच्या काळात टाकसाळ निघाली आणि १६७७-७८ ला दुसऱ्या चार्ल्सच्या नावाचा इंग्रजी अक्षरांतला "बॉम्बेम"चा रुपया काढला, तो आता पोर्टकलिसइतकाच नाहीतर त्याहूनही अवघड आहे मिळायला. बेटाबाहेर त्याला फार कुणी विचारलं नाही. शेवटी १७१७ ला फर्रुखसियर बादशहाकडून परवानगी मिळवली आणि मुंबईत मोगल पद्धतीचे, फारसी अक्षरांचे, बादशहाच्या नावाचे रुपये पाडायला लागले. म्हणजे बघा, राणीचं नाव पूर्वेला कळावं म्हणून सुरुवात झाली होती आणि पुढची शंभरहून जास्त वर्षं ही कंपनी मोगल बादशहाचं नाव छापत बसली, दिल्लीवर खरा ताबा कुणाचा हे सगळ्यांना कळून चुकल्यावरही! १८३५ ला चौथ्या विल्यमचा चेहरा सगळीकडे आला तेव्हा कुठे थांबलं.

आणि हसू नका त्यांना, आमच्या गायकवाडांनीही तेच केलं. सुरुवातीचे बाबाशाही रुपये बघा, नाव बादशहाचं, फारसीत, आणि कोपऱ्यात आपल्या महाराजांचं एखादं नागरी अक्षर, आनंदरावांचा आ, गणपतरावांचा ग, सोबत तलवार. ते अक्षर शोधणं हा माझा लहानपणीचा खेळ होता, आजोबा संस्थानात नोकरीला होते, ते भिंगातून दाखवायचे. १८५७ नंतर खंडेरावांच्या वेळी बादशहा गेला आणि गायकवाडांचा आपला किताब, सेनाखासखेल समशेरबहादूर, आला, आणि सयाजीरावांच्या वेळी मशीनवर पाडलेला, महाराजांचा पगडीतला चेहरा असलेला सुबक रुपया. तोसुद्धा काही वर्षांत बंद झाला आणि ब्रिटिश रुपया लागू झाला. सयाजीरावांच्या चेहऱ्याचा रुपया ज्यांच्या घरी आहे त्यांनी जपा बाबांनो, आणि कृपा करून पितांबरीने घासू नका, दिवाळीला देवाच्या ताटाबरोबर घासून पांढरीफटक केलेली नाणी लोक घेऊन येतात आणि विचारतात किती येतील. अर्धी किंमत तिथेच वाहून गेलेली असते. काळपट निळसर टोनिंग हीच त्याची शोभा.

युरोपियन चांदीचं म्हणाल तर माझ्याकडे एकच आहे, चौथ्या कार्लोसचा आठ रिआल, मेक्सिकोच्या टाकसाळीचा, १७९० च्या दशकातला. थोडा झिजलेला, पण राजाचं नाक अजून शाबूत आहे. घड्याळी पोळेत आमचे जुने सोनी काका आहेत, आईच्या पाटल्या त्यांच्या वडिलांनी घडवल्या होत्या, त्यांच्या काट्यावर वजन करायला घेऊन गेले होते, २७ ग्रॅमला किंचित कमी भरलं, म्हणजे ठीकच. मी आपली उत्साहात सांगतेय की काका हा स्पेनचा राजा, हा मेक्सिकोत पाडला, आणि काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेन, मोढुं कोनुं छे एनुं मारे शुं काम, टंच केटला छे ए कहो." म्हणजे तोंड कुणाचं आहे याच्याशी मला काय करायचंय, टंच किती ते सांगा. मला इतकं हसू आलं ना! चारशे वर्षांपूर्वी सुरतेला हेच वाक्य किती लोकांनी ऐकलं असेल. आणि काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता, कारण स्पेनने १७७२ ला आणि मग १७८६ ला गाजावाजा न करता या नाण्यातली चांदी थोडी थोडी कमी केली होती, चेहरा मात्र तोच रुबाबात.

या सगळ्यामुळे एक गोष्ट होते जी नवीन लोकांना पटत नाही. एवढी टनावारी चांदी गुजरातला आली तर मग इथल्या जुन्या वाड्यांत रिआल, डच डॉलर सापडायला हवेत की नाही? तर फार नाहीत सापडत, कारण इथे आलेलं नाणं नाणं म्हणून राहायचंच नाही, रुपये व्हायचे, पुढे त्या रुपयांचे पैंजण व्हायचे, कडी व्हायची. उलट जी जहाजं वाटेतच बुडाली त्यांची नाणी आज बाजारात मिळतात. डच कंपनीचं आकेरेंडाम १७२५ ला नॉर्वेजवळ बुडालं, ते १९७२ ला सापडलं. हॉलंडिया १७४३ ला इंग्लंडच्या सिली बेटांजवळ बुडालं, ते १९७१ ला. ती बटाव्हियाला (आजचं जकार्ता) निघाली होती, वेळेवर पोचली असती तर त्यातलं काही शिल्लक उरलं असतं असं मला नाही वाटत. समुद्रातली नाणी ओळखू येतात, पृष्ठभाग खडबडीत, खारट पाण्याने खाल्लेला, म्हणून थोडी स्वस्त पण मिळतात, पण जहाजाच्या नावाचा कागद बरोबर असेल तरच घ्या. नुसतं तोंडी "शिपरेकचं आहे मॅडम" याला काही अर्थ नाही.

म्हणून कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर "वडोदरा के पुराने वाडे में मिला ४०० साल पुराना युरोपियन सिल्व्हर" असं टाकलं की माझे कान उभे राहतात. मागे असाच एक फोटो फिरत होता, आणि त्यावर ऑस्ट्रियाच्या महाराणीचा, मारिया थेरेझाचा, चांगला गुबगुबीत चेहरा आणि खाली १७८०. अहो ४०० वर्षं कुठून झाली? आणि मुळात १७८० हे साल घालून ते नाणं ऑस्ट्रियात आणि इतर देशांतही पुढे शंभर-दीडशे वर्षं पाडत राहिले, ऑस्ट्रियाची टाकसाळ तर आजही पाडते, कारण अरबस्तान-इथिओपियाकडे लोकांना तेच साल, तोच चेहरा हवा असायचा. खोटं नाहीये ते, चांदी असते ८३ टक्के, पण दुर्मिळ म्हणून चांदीच्या भावाच्या दहापट देऊ नका.

खोट्याचं सांगायचं तर आधी वजन बघा, बारीक काटा आता सहज मिळतो. मग कड बघा, कार्लोसच्या आठ रिआलच्या कडेवर आलटूनपालटून गोल आणि चौकोन असतात, साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याला कडेने एक शिवण दिसते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात. पोर्टकलिससारखं हातोड्याने ठोकून पाडलेलं नाणं असेल तर त्यात दोन नाणी कधीच तंतोतंत सारखी नसतात, कुठे चीर, कुठे ठसा सरकलेला, कुठे अक्षर अर्धं बाहेर. त्यामुळे एकाच विक्रेत्याकडे दोन नाण्यांना त्याच जागी तीच चीर दिसली की नमस्कार करून बाहेर पडायचं, दोन्ही एकाच साच्यातली आहेत. अंगावर बारीक फोड, खड्डे, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, हे पण बघा. आणि पोर्टकलिसची तर जुनी, फार सफाईने केलेली कॉपीही असते, म्हणून त्या लेव्हलचं काही घ्यायचं तर स्लॅबमधलं (तपासून, दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं) किंवा नावाजलेल्या ऑक्शनचंच, आणि आधी कुणाच्या कलेक्शनमध्ये होतं त्याची साखळी विचारायची. बिल जपून ठेवायचं.

कायद्याचं पटकन सांगते कारण विचारतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तूत मोडतं, ते देशाबाहेर आपलं आपण नेता येत नाही, कॅनडातल्या भाचीला भेट म्हणून पर्समध्ये टाकून तर नाहीच नाही. आणि पाया खणताना हंडा सापडला तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, सरकारला कळवावं लागतं, त्यातली मर्यादा अजून दहा रुपये आहे, त्यामुळे "थोडंच होतं" हे चालत नाही.

ज्यांना या लाइनमध्ये शिरायचंय त्यांनी माझं ऐकाल तर आधी एक कार्लोसचा साधा आठ रिआल घ्या, अगदी कडक नको, व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे बऱ्यापैकी चांगल्या अवस्थेतला) सुद्धा नको, झिजलेला चालेल. हातात धरायला काय वाटतं ते कळेल, आपल्या रुपयाच्या दुपटीहून जड लागतो, आणि त्यावर चिनी सराफांचे बारीक ठसे मारलेले असतील तर अजून मजा, काही लोक त्याला खराब झालेलं म्हणतात, मी तर तसलाच शोधत होते, मिळाला नाही. त्याच्या शेजारी एक सुरतेचा मोगल रुपया आणि एक बाबाशाही ठेवा, ट्रेमध्ये तीन खण पुरतात. माझ्या ट्रेमध्ये चौथा खण मोकळा ठेवलाय आणि घरात सगळ्यांना माहितीय कशासाठी, मुलगा त्यात पाच रुपयांचं नाणं ठेवून जातो मुद्दाम.

आठ टेस्टर्नचं स्वप्न मी सोडलेलं आहे, खरंच. पण एक टेस्टर्न, छोटंसं, तीन-साडेतीन ग्रॅमचं, झिजलेलं, भोक पाडून बुजवलेलं असलं तरी चालेल, जाळी दिसली पाहिजे फक्त. कुठल्या ऑक्शनच्या यादीत दिसलं तर लिंक पाठवा, आणि प्लीज माझ्या बोलीवर बोली लावू नका.